आधी अंगात जाऊ द्या

"आधी अंगात जाऊ द्या सर, मग तोंडात येतंच."

हे म्हणताना मॅडम उजव्या हाताची पाची बोटं जुळवून आधी स्वतःच्या दंडावर टेकवायच्या आणि मग ओठांवर. इंग्रजीच्या तासाला निघतानाची त्यांची तयारी तर बघण्यासारखी असायची. चपला दाराशी काढायच्या, पदर कमरेला घट्ट खोचायचा, मनगटावरचं घड्याळ उतरवून माझ्या टेबलावर ठेवायचं आणि "एवढं बघा हं" म्हणून बाहेर पडायचं. एखादा अनोळखी माणूस त्या वेळी शाळेत आला असता, तर या बाई आता विहिरीत उतरणार आहेत किंवा कुणाशी तरी कुस्ती धरणार आहेत, असंच त्याला वाटलं असतं.

शिक्षक तुम्हीही बरेच पाहिले असतील. कुणी आवाजानं शिकवतं, कुणी छडीनं, कुणी सुंदर अक्षरानं. गुडघ्यांनी शिकवणारा शिक्षक मी मात्र एकच पाहिला, आणि ते गुडघेही काही फार धड नव्हते.

आमची शाळा पालमपासून आत, रस्त्याच्या कडेला. पहिली ते चौथीचे वर्ग, आम्ही दोनच शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी मॅडमकडे. मागं खिचडीचं पत्र्याचं शेड, पुढं मैदान, मैदानात कडुलिंबाची दोन झाडं. मॅडम बदलीनं आमच्याकडे आल्या तेव्हा पन्नाशीच्या जवळ होत्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चेहरा सदा घामेजलेला आणि हसरा. यजमान मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, म्हणून मॅडम आठवडाभर पालमला खोली करून राहायच्या आणि शनिवारी एसटीनं मानवत गाठायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्गात येऊन भिंतीवरचे तक्ते पाहिले. ए फॉर अ‍ॅपल, बी फॉर बॉल. "छान आहेत," म्हणाल्या, आणि सगळा वर्ग घेऊन मैदानात गेल्या. मुलांसमोर उभं राहून एकदा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सिट डाऊन," आणि मातीत बसल्या. मग "स्टँड अप," आणि उठल्या. मग "टर्न," आणि गर्रकन फिरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मराठीत एक अक्षर नाही. मुलं बघत राहिली. शेवटी दुसरीतला एक पोरगा काळजीनं पुढं आला.

"मॅडम, तुमचं काही हारवलंय का? आमी हुडकताव."

मॅडम हसत सुटल्या. हसता हसताच त्याला हात धरून शेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, "सिट डाऊन." दोघं मिळून बसले. तास संपेपर्यंत अख्खा वर्ग बसत-उठत होता. दुसऱ्या दिवशी 'जंप' आला. मॅडम उडी मारायच्या तेव्हा जमिनीपासून फार वर जायच्या नाहीत, पण त्या उडीत त्यांचं सगळं मन असायचं. खिचडी शिजवणाऱ्या मथुराबाई हातात पळी घेऊन शेडमधून पळत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, मॅडमला काई चावलं काय?"

मॅडमचा नियम एकच. मुलांनी ऐकायचं आणि करायचं. बोलायची सक्ती नाही. 'म्हणा माझ्या मागं' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं बोलावं, नाही वाटलं तर त्यानं नुसतं उड्या माराव्यात.

मी एकदा विचारलं, "मॅडम, ही पद्धत तुम्ही शिकलात कुठं?"

"प्रशिक्षणात थोडी सांगितली होती. पण खरं म्हणाल तर आईकडून," त्या म्हणाल्या. "मी स्पेलिंगं पाठ करून करून मॅट्रिक झाले सर. मार खाऊन पाठ केलेली. पुढच्या वर्षी सगळी धुऊन निघाली. मग डोक्यात आलं, आईनं मला 'वाक, उचल, झटक, पसर' हे कवा पाठ करायला लावलं होतं? ती म्हणायची, मी करायची. ते अजून हाये की."

तुम्हाला वाटेल, उठबस आणि उड्या यांत किती इंग्रजी मावणार. मलाही तेच वाटत होतं. पण मॅडमना प्रत्येक शब्दासाठी अंगाचं काहीतरी सुचायचं. 'स्लोली' शिकवायचं तर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात देऊन मैदानाला फेरी मारायला लावायची. सांडलं की पुन्हा. पहिलीतली पोरं श्वास रोखून, जिभा बाहेर काढून चाललेली असायची. 'हेवी' शिकवायला खिचडीच्या तांदळाचं पोतं आणि 'लाइट' शिकवायला सरकी काढून पिंजलेला कापूस. 'बिट्वीन' म्हणजे लिंबाच्या दोन झाडांच्या मधोमध. 'स्टर' शिकवायला तर त्यांनी सगळा वर्ग मथुराबाईंच्या शेडपाशी नेला. मथुराबाई पातेल्यात पळी फिरवायच्या आणि बाहेर उभी असलेली पोरं रिकाम्या हवेत हात फिरवायची. त्या दिवसापासून मथुराबाई आपल्या सुनेलाही "भाजी स्टर कर, लागायलीय" असं सांगू लागल्या.

सगळ्यात लाडका खेळ 'स्टॉप'चा. मैदानभर पळायचं आणि 'स्टॉप' ऐकलं की जिथं असाल तिथं गोठायचं. पाय हवेत असेल तर हवेत, तोंड उघडं असेल तर उघडं. मॅडम मग त्या पुतळ्यांमधून फिरायच्या, कुणाच्या काखेत गुदगुल्या करायच्या, कुणाच्या कानात फुंकर मारायच्या. जो हलला तो बाद. "मूव्ह" म्हणेपर्यंत कुणी पापणीही हलवायचं नाही.

भाद्रपदात एकदा भाजीवाल्याची अ‍ॅपे रिक्षा शाळेसमोरच्या काळ्या चिखलात रुतली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी बघतो तर मॅडम पदर खोचून वर्गासकट रस्त्यावर. मागच्या बाजूला सगळी पोरं लावली, स्वतः मधोमध, आणि हुकूम दिला, "पुश." मी तिसरी-चौथीची पोरं घेऊन मदतीला गेलो. अ‍ॅपे निघाली. चिखलानं माखलेल्या मॅडम वळून म्हणाल्या, "आता हा शब्द विसरून दाखवा."

भाजीवाल्यानं खुशीत पोरांना गाजरं वाटली आणि जाताना मला हळूच विचारलं, "सर, ह्या खेळाच्या मॅडम का?"

"इंग्रजीच्या," मी म्हणालो.

एकदा काही कामानं मी पालमला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. दार उघडंच होतं. मॅडम दोन्ही गुडघ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे बांधून खोलीभर रांगत होत्या. शेजारची बाई उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती. ती मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "घाबरू नका. उद्याचा धडा हाय." मॅडम रांगतच वळल्या आणि म्हणाल्या, "या सर, बसा. 'क्रॉल' घ्यायचाय. गुडघा कुठवर साथ देतो ते बघायलेय."

हे सगळं छान चाललं होतं, पण गावाला ते तसं दिसत नव्हतं. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांची नात ईश्वरी पहिलीत होती. पोरगी चुणचुणीत, पण इंग्रजीच्या बाबतीत तोंडाला कुलूप. पालमहून इंग्रजी शाळेची व्हॅन शेजारच्या गावापर्यंत यायला लागली होती. तिथली पोरं कविता म्हणून दाखवायची. दिवाळीच्या आधी आबा शाळेत आले. खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"मॅडम, राग धरू नका. पण पोरगी घरी येऊन नुस्त्या उड्या मारायलीय. पाव्हणे आले. म्हणलं, इंग्रजी बोल गं काईतरी. तर मान खाली घालून उभी ऱ्हायली. इंग्रजी एक शबूद न्हाई."

"आबा, ईश्वरी जन्मली तवापासून बोलायला लागली का?" मॅडमनी विचारलं.

"तसं कसं?"

"तोपर्यंत काय करत होती?"

"आयकत होती की."

"मग आताही ऐकायलीय. आधी अंगात जाऊ द्या."

आबांना ते पटलं नाही. "तुमचं खरं असंल. पण जूनमधी मी तिला व्हॅनमधी बसविणार. अन् मी बसविली की गावातले बाकीचे बी बसविणार, हे तुमाला सांगून ठेवतो. मागून म्हणू नका, आबानं इचारलं न्हाई."

आबा गेल्यावर मॅडम दाराशी जाऊन मैदानाकडे बघू लागल्या. पहिलीतली मुलं गेली असती, तर शाळेत उरलं काय असतं? एका शिक्षकाची जागा तर नक्कीच गेली असती, आणि नंतर कदाचित शाळाही. मी विचारलं, "कधी बोलतील मॅडम ही पोरं?"

"ते मला विचारू नका सर. त्यांनाच माहीत." पण एवढं बोलताना त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं, भरून आलं असेल.

ते भरून येणं नव्हतं. आवाज त्याआधीच बसत चालला होता. मोकळ्या मैदानात, वाऱ्यात, रोज ओरडून शिकवायचं. त्या ज्येष्ठमधाची कांडी गालात धरायच्या, हळदीचं गरम पाणी प्यायच्या आणि पुन्हा पदर खोचायच्या. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा आवाजाची शिट्टी झाली होती, आणि एका दुपारी 'टर्न' म्हणता म्हणता तीही गेली. तोंड हललं, आवाज नाही. मुलं मात्र फिरली. ओठ बघून फिरली.

परभणीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्यात. पूर्ण मौन धरायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही.

मी धरून चाललो होतो की मॅडम आता रजेवर जाणार. पण सोमवारी त्या पाटी-पेन्सिल घेऊन हजर. मी म्हणालो, "मॅडम, रजा घ्या. घरी आराम करा." त्यांनी पाटीवर लिहिलं, 'घरी नवरा आहे. बोलल्याशिवाय राहवणार नाही.'

त्या दिवसाबद्दल मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगताना मी खुर्चीवरून उठून उभा राहतो.

मॅडम मुलांना घेऊन मैदानात गेल्या. ओठांवर बोट ठेवलं, गळ्याला हात लावला, रडका चेहरा करून हात हलवला. मुलांना समजलं. "मॅडमचा गळा दुखायलाय," अशी कुजबुज रांगेतून गेली. मग मॅडमनी पदर खोचला. त्यांचा बेत असा होता की आपण नुसत्या कृती करायच्या आणि मुलांनी बघून करायच्या. त्यांनी हात वर केला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"सिट डाऊन."

तो सम्यक होता. पहिलीतला, वर्गात एका जागी कधी न टिकणारा. बहुतेक खोडीच काढायची असेल त्याला, कारण म्हणून झाल्यावर तो पुढच्या मुलाच्या पाठीमागं लपला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. आणि गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, मातीत बसल्या.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मोठी माणसं आपलं ऐकत नसतात, हे पहिलीच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. इथं तर दस्तुरखुद्द मॅडम बसल्या होत्या. त्याच्या एका शब्दावर.

"स्टँड अप," कुणीतरी घाबरत घाबरत म्हणालं. ती ईश्वरी होती.

मॅडम उठल्या.

मग जे सुरू झालं ते मला धड सांगताही येणार नाही. "टर्न." "जंप." "वॉक." "टच युवर नोज." "रन." "स्टॉप." एकाचं होत नाही तो दुसऱ्याचं. मॅडम पळत होत्या, थांबत होत्या, नाकाला हात लावत होत्या, एक पाय वर धरून लंगडत होत्या. इतके महिने मुलांच्या अंगात साठलेलं इंग्रजी धरणाचं दार उघडावं तसं बाहेर येत होतं. मी तिसरीचा गुणाकार फळ्यावर अर्धा टाकून दारात आलो. माझी पोरं खिडक्यांना लटकली. मथुराबाई पळी घेऊन बाहेर. कुणीतरी म्हणालं, "स्लीप," आणि मॅडम सरळ लिंबाखाली आडव्या झाल्या. त्या झोपल्या तर मुलंही आवाज खाली आणून बोलायला लागली. "आता काय म्हणावं रे?" "उठिव की." "ऱ्हाऊ दे, दमल्यात." शेवटी ईश्वरीनं जवळ जाऊन त्यांच्या कानात हळू म्हटलं, "मॅडम, स्टँड अप स्लोली."

'स्टँड अप' आणि 'स्लोली' हे दोन शब्द मॅडमनी कधी एकत्र म्हटले नव्हते. मॅडमनी झोपल्या झोपल्या डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

त्या उठून उभ्या राहतात तोच सम्यक पुन्हा पुढं झाला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, पुश सर."

मॅडम माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर माफी मागितल्यासारखा भाव आणला, आणि दोन्ही हातांनी मला असं ढकललं की मी दारातून थेट वर्गात, माझ्या पोरांच्या अंगावर. पोरं हसून लोळली. मी उठून बाहेर आलो तर मॅडम पाटीवर काहीतरी लिहीत होत्या. पाटी माझ्यासमोर धरली. 'वाक्य केलं त्यानं.' मग पुसून पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. 'वाक्य.'

गलका ऐकून रस्त्यावरून चाललेले आबा मोटारसायकल लावून आत आले. मागं कडब्याची पेंडी बांधलेली. ईश्वरी पळत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, सिट डाऊन."

"काय म्हणायलीय ही?"

"बसा म्हणायलीय," मथुराबाई म्हणाल्या. "मला बी कळालं."

आबा पायरीवर बसले. नातीनं त्यांना उठवलं, फिरवलं, नाकाला हात लावायला लावला. सगळं मैदान बघत होतं. टोपी सावरत आबा म्हणाले, "पाव्हण्यापुढं असंच बोलंल का?"

मॅडमनी पाटीवर लिहिलं. आबांकडे चष्मा नव्हता, म्हणून मी वाचून दाखवलं. 'बोलेल. पण पाहुण्यांना उठबस करावी लागेल.'

"करतील की," आबा म्हणाले. "फुकट चहा पितात."

त्यानंतरचे आठवडे आमच्या शाळेत सणासारखे गेले. मॅडम गप्प आणि शाळा बोलती. गावाचं एक गमतीचं होतं. मॅडमचा आवाज गेला म्हणून लोक त्यांच्याशीच ओरडून बोलायचे. दुकानदार, अ‍ॅपेवाला, आयाबाया, सगळे त्यांच्या कानाशी येऊन "बरं हाय का आता" असं किंचाळायचे, आणि मॅडम हसून मान हलवायच्या. आबांनी घरचा मध पाठवला. मला मात्र कधीकधी त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. मुलं खाऊ खात असताना त्या एकट्याच गळ्यावर हात ठेवून बसलेल्या असायच्या. शिक्षकाचा आवाज जाणं म्हणजे काय, ते मला समजत होतं. मी विषय काढत नव्हतो.

उसाचे दिवस आले. शाळेसमोरच्या रस्त्यावरून कारखान्याकडे ट्रॅक्टर जायला लागले, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्यानं गाणी लावलेली की ड्रायव्हरला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. आम्ही मुलांना रोज सांगायचो, फाटकाबाहेर जायचं नाही. पण एका दुपारी चेंडू फाटकाखालून गेला आणि सम्यक फाटक ढकलून त्याच्या मागं.

मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. चेंडू रस्त्यावर, सम्यक पळतोय, आणि उताराच्या बाजूनं भरलेला ट्रॅक्टर. मॅडम हातपंपाजवळ होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. आवाज आला नाही. नुसती हवा.

तेवढ्यात व्हरांड्यातून ईश्वरी ओरडली, "स्टॉप." आणि तिच्यामागं सगळी पोरं, एका आवाजात, "स्टॉप."

सम्यक गोठला. रस्त्याच्या कडेला, एक पाय जमिनीवर आणि एक हवेत. त्याला 'थांब' म्हटलं असतं तर तो आणखी दोन पावलं पळाला असता, याबद्दल मला आजही शंका नाही, कारण 'थांब' तो कुणाचंच ऐकत नसे. ट्रॅक्टर त्याच्यासमोरून गेला. पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली. धुळीत पोरगा दिसेनासा झाला.

मी पोचलो तेव्हा मॅडम आधीच तिथं होत्या. धूळ खाली बसली. सम्यक तसाच उभा, पाय अजून हवेत. 'मूव्ह' कुणी म्हटलं नव्हतं ना. मॅडमनी त्याला उचलून छातीशी धरलं तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरून मला म्हणाला, "सर, मी हाललो न्हाई."

शाळा सुटल्यावर मॅडम पायरीवर बसून राहिल्या. पाटीवर लिहिलं, 'निघालाच नाही.'

"पोरांचा निघाला ना," मी म्हणालो.

त्यांनी पाटी पुसली.

संध्याकाळी कापूस वेचून आलेली सम्यकची आई तशीच शाळेत आली. डोक्याला बांधलेला रुमाल, ओटीत कापसाचे पुंजके अडकलेले. तिनं मॅडमचे दोन्ही हात धरले. तिला काय बोलावं सुचेना, आणि मॅडमना बोलता येईना. दोघी तशाच हात धरून उभ्या राहिल्या. मी उगाच वर्गाला कुलूप लावायला गेलो आणि वेळ लावून लावलं.

जूनमध्ये व्हॅन आमच्या गावात आली. आबांच्या दारात हॉर्न वाजवला, थोडी थांबली आणि रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

तोपर्यंत मॅडमचा आवाज थोडा परतला होता. बारीक, मधूनमधून तडकणारा. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली होती, बेतानं. पण मुलंच आता त्यांना बोलू देत नव्हती. "मॅडम, तुमी बोलू नका. आमी बोलताव," असं म्हणून त्यांना मैदानात उभं करायची आणि पळवायची.

पुढच्या वर्षी त्यांना मानवतच्या बाजूला, यजमानांजवळ शाळा मिळाली. किती वर्षं त्या अर्ज करत होत्या. निरोपाला भाषण करायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या प्रत्येक मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकानं त्यांना एकेक शब्द दिला, तो त्यांनी केला. मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता शेडात यिऊन 'स्टर' कोण म्हणंल?" ईश्वरी तेव्हा काही बोलली नाही. मॅडम तिच्यासमोर कितीतरी वेळ वाट बघत उभ्या होत्या. शेवटी तिनं नुसती त्यांच्या कमरेला मिठी मारली.

मध्यंतरी एका साखरपुड्याला मानवतला गेलो होतो. त्यांची शाळा रस्त्यावरच आहे हे माहीत होतं, म्हणून एसटीतून एक थांबा आधी उतरलो. भेटून पुढं जावं असा विचार. भिंत बुटकी होती, बाहेरून मैदान दिसत होतं. मॅडम पाठमोऱ्या होत्या. आता आवाज आहे, तरी त्या बोलत नव्हत्या. समोर एक एवढीशी मुलगी उभी राहून हुकूम सोडत होती. "हँड्स अप," ती म्हणाली. मॅडमनी दोन्ही हात वर केले. त्यांना तसं बघून मुलीला हसू फुटलं, इतकं की ती पोट धरून खाली वाकली. पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघेना. ती एकदा तोंड उघडायची आणि पुन्हा हसायची. मॅडम उन्हात हात वर धरून उभ्या होत्या, कसलीही घाई नसल्यासारख्या, तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत.

मी आत गेलो नाही. गेलो असतो तर त्यांना हात खाली घ्यावे लागले असते.